आठ व्याख्याने आणि एक मोजपट्टी

समकालीन कलावंतांनी शिल्पात आणि चित्रात मनुष्याकृती कशी हाताळली, या विषयावरची आठ ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांची एक सशुल्क ऑनलाइन मालिका मी नुकतीच पूर्ण केली. मालिका चालवणाऱ्या संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार अशा बऱ्याच मालिकांना आणि गुळगुळीत कागदावर छापलेल्या चित्रग्रंथांनाही लागू पडते. त्यांत माणसाचे शरीर दिसते, पण ते केवढे आहे हे कळत नाही.

रॉन म्यूकवरचे व्याख्यान मालिकेतले सर्वांत रंगलेले. हा मूळचा ऑस्ट्रेलियन शिल्पकार आधी चित्रपट आणि दूरचित्रवाणीसाठी बाहुल्या व मॉडेल्स करत असे. तो आधी चिकणमातीत आकृती घडवतो, तिच्यावरून साचा काढतो, साच्यात सिलिकॉन किंवा फायबरग्लास भरतो आणि मग त्वचेत एकेक केस रोवतो. हा सगळा क्रम व्याख्यात्याने इतक्या सोप्या भाषेत सांगितला की साचा म्हणजे काय हे माहीत नसलेल्यालाही तो कळावा. त्यानंतर ‘डेड डॅड’ हे १९९६–९७ मधले शिल्प पडद्यावर आले: उताणा पडलेला, विवस्त्र, मेलेला बाप. १९९७ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ‘सेन्सेशन’ या प्रदर्शनात ते मांडले गेले आणि म्यूकचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच्यापाठोपाठ ‘बॉय’ हे मुलाचे शिल्प दाखवले गेले, आणि दोन्ही आकृत्यांनी पडद्यावर जवळजवळ सारखीच जागा व्यापली.

मी व्याख्यान तिथेच थांबवले, शिवणकामाचा टेप काढला, जमिनीवर १०२ सेंटिमीटर मोजले आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली. ‘डेड डॅड’ची लांबी तेवढीच आहे. साधारण चार वर्षांचे मूल आडवे झाले तर जेवढी जागा घेईल, तेवढ्यात हा पिकल्या वयाचा माणूस पायांच्या नखांसकट मावतो. त्याला पाहायचे म्हणजे झोपलेल्या लेकराकडे पाहावे तसे खाली वाकावे लागणार, म्हणजे बाप लेकराएवढा झाला आणि पाहणारा बापाच्या जागी उभा राहिला. शिल्पाचा सगळा घाव या उलटापालटीत आहे आणि तो मापातून येतो. व्याख्याता केसांवर बराच वेळ बोलला. मापावर त्याने एक वाक्यही खर्च केले नाही. १९९९ चा ‘बॉय’ तर उकिडवा बसलेला असूनही सुमारे पाच मीटर उंच आहे. त्याच्यासाठी चिकटपट्टी लावायला छतापर्यंतची भिंतही पुरली नाही. हे शिल्प आता डेन्मार्कमधल्या आरहुस शहरातल्या एआरओएस या संग्रहालयात आहे.

ब्रिटिश चित्रकार जेनी सॅव्हिलच्या बाबतीत मात्र मालिकेची एक सोय खरोखर उपयोगी पडते. प्रत्येक चित्र कितीही मोठे करून पाहता येते आणि प्रतिमांचा दर्जा उत्तम असल्यामुळे ती फुटत नाही. १९९२ मधल्या ‘प्रॉप्ड’ या चित्रातल्या मांड्या मोठ्या करून पाहिल्या, तर लांबून एकसंध वाटणारी कातडी राखाडी, गुलाबी आणि निळसर फटकाऱ्यांत सुटी होत जाते, आणि स्वतःच्याच मांसात रुतलेली बोटे रंगाच्या जाड थरांनी उभी राहिलेली दिसतात. त्या शरीरावरून उलट्या अक्षरांत एक मजकूर कोरलेला आहे. व्याख्यात्याने प्रतिमा फिरवून तो वाचून दाखवला, हे फार चांगले केले. पण येथेही टेप हाती घ्यावाच लागला. चित्राची उंची २१३ सेंटिमीटर, म्हणजे सात फुटी दाराच्या चौकटीएवढी. मी दारासमोर उभा राहिलो, तेव्हा त्या स्त्रीचे गुडघे आपल्या अंगावर येतात आणि डोके वर कुठेतरी लहान होत जाते, ही रचना मला पहिल्यांदा समजली. लॅपटॉपवर ती एक लठ्ठ स्त्री दिसते. दाराएवढ्या आकारात ती आपल्याकडे वरून पाहते. हे सांगण्याऐवजी, २०१८ साली हे चित्र लिलावात ९५ लाख पौंडांना गेले आणि हयात स्त्री-कलावंताच्या कलाकृतीसाठी तो तोवरचा उच्चांक ठरला, यावर व्याख्यान रेंगाळले. किंमत सांगावी, हरकत नाही. पण किमतीचा आकडा पाठ आणि उंचीचा पत्ता नाही, हा प्रकार मला खटकला.

लिनेट यिआडोम-बोआके या ब्रिटिश चित्रकर्तीवरचे व्याख्यान सर्वांत समाधानकारक वाटले. तिच्या चित्रांतली माणसे कुणाचीही व्यक्तिचित्रे नाहीत, ती कल्पनेतली आहेत. त्यांचा काळ ओळखू येऊ नये म्हणून ती पायांत जोडे दाखवायचे बहुधा टाळते. ही एक गोष्ट कळल्यावर मी मागे जाऊन सगळी चित्रे पुन्हा पाहिली, फक्त पावलांसाठी.

ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मलीच्या ‘अनदर प्लेस’साठी संस्थेने स्थिर छायाचित्रांऐवजी चित्रफीत वापरली आणि तिथे मापाचा प्रश्न आपोआप सुटला. इंग्लंडमधल्या क्रॉस्बीच्या किनाऱ्यावर, कलावंताच्या स्वतःच्या शरीरावरून साचे घेऊन केलेल्या १०० बिडाच्या आकृत्या समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. भरती येते तशा त्या गुडघ्यांपर्यंत, छातीपर्यंत बुडत जातात आणि मधूनच कुत्रा घेऊन फिरायला आलेला कुणी त्यांच्या शेजारून जातो. त्या एका माणसामुळे पुतळा केवढा आहे हे कळते. इतर सात व्याख्यानांत असा एखादा प्रेक्षक चौकटीत राहू दिला असता, तर माझा टेप कपाटातच राहिला असता.

चित्रकार ल्युशिअन फ्रॉईडवरचा भाग घाईत उरकला आहे. भारतीय कलावंतांना तर जागाच नाही, आणि हे केवळ अभिमानापोटी म्हणत नाही. २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलेल्या सुधीर पटवर्धनांनी शहरी गर्दीतले श्रमणारे देह रंगवले. रविंदर रेड्डींनी टक्क डोळ्यांची अवाढव्य स्त्री-मस्तके फायबरग्लासमध्ये घडवली. म्यूकच्या शेजारी रेड्डींचे एक मस्तक ठेवले असते, तर आकार वाढवल्याने एके ठिकाणी माणूस दुबळा कसा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी देवतेसारखा कसा होतो, हे दोन मिनिटांत दाखवता आले असते.

प्रश्नमंजूषा आणि प्रमाणपत्र या गोष्टी नावापुरत्या आहेत. प्रतिमांखाली केवळ शीर्षक आणि साल असते. माप आणि माध्यमही द्यावे, असे मी संस्थेला लिहिले, तेव्हा ती माहिती संबंधित संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मिळेल असे नम्र उत्तर आले. मिळते खरी, मी ती तिथूनच घेतली. पण मग शुल्क कशाचे, हा प्रश्न उरतो. कलाशिक्षण न घेतलेल्या, पण चित्रासमोर थांबण्याची सवय असलेल्या वाचकाला ही मालिका घ्यायला मी सांगेन, मात्र टेप जवळ ठेवूनच. दुसऱ्या भागाची जाहिरात आली आहे; त्याच्या नमुना व्याख्यानातही प्रतिमांखाली मापे नाहीत, म्हणून मी अद्याप नाव नोंदवलेले नाही.