हिजरी (इस्लामी) महिना: चंद्र पाहून की कोष्टकावरून?
चंद्रदर्शनाच्या पद्धतीत २९ तारखेला सूर्यास्तानंतर पश्चिमेला कोर शोधतात. दिसली तर नवा महिना लागला. ढगांमुळे हुकली, तर ३० दिवस पूर्ण करायचे. कोष्टकात मोहरम ३०, सफर २९ असा क्रम आधीच बांधलेला. ३० वर्षांत ११ वेळा जिलहिज्जला, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या महिन्याला, एक दिवस जादा. वर्षाचं नियोजन करायला हे सोयीचं, पण प्रत्यक्ष चंद्राशी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. सफरमध्ये तो खपून जातो, जिलहिज्जमध्ये नाही. अरफाचा, म्हणजे बकरी ईदच्या आदल्या दिवसाचा, रोजा ९ तारखेचा आणि १० तारखेला, ईदच्या दिवशी, रोजा निषिद्ध! म्हणून रमजान, शव्वाल, जिलहिज्जसाठी चंद्रदर्शनच धरावं. शिवाय तारीख सूर्यास्ताला बदलते, त्यामुळे पहिली तरावीह (रमजानमधली रात्रीची खास नमाज) पहिल्या रोज्याच्या आदल्या रात्रीच होते.