गोल्फचा घरगुती सराव-सेट: हिवाळ्यात आपल्या अंगणात किती कामाचा?

ऑनलाइन मिळणारा गोल्फचा घरगुती सराव-सेट म्हणजे मुख्यतः तीन वस्तू: साधारण १० फूट रुंद, ७ फूट उंच जाळी; १ फूट बाय २ फुटांची कृत्रिम गवताची हिटिंग मॅट, जिच्यावर चेंडू ठेवून फटका मारतात; आणि ९-१० फुटांची पटिंग मॅट, जिच्यावर चेंडू हळूच भोकाकडे घरंगळवण्याचा सराव होतो. वेगवेगळ्या नावांनी विकले जाणारे हे सेट आतून बरेचसे सारखेच असतात. म्हणून हे परीक्षण कोणा एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या सेटचं आहे. आणि ते वरुड, काटोल, आर्वीकडच्या गावांत राहणाऱ्यांसाठी आहे: फौजेत किंवा नोकरीत असताना गोल्फ शिकलेले, आता शेती पाहणारे, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी नागपूर-कामठीच्या गोल्फ कोर्सपर्यंत जायला सवड न मिळणारे.

गुलमर्गचा कोर्स हिवाळ्यात बर्फाखाली जातो, तिथे खेळ बंद पडणारच. आपल्याकडे अकरानंतरचं ऊन गोल्फला अगदी सोयीचं असतं, पण नेमकी त्याच दिवसांत कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी, हरभऱ्याचं ओलित आणि संत्र्याची तोड असते. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. घरामागे गवताचा तुकडा राखला असला तरी तो या काळात साथ देत नाही. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळीच. रात्री गारठल्या की तिची वाढ थांबते, ती पिवळी पडते, आणि क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, उडालेली टवकं उन्हाळा लागेपर्यंत भरून येत नाहीत. त्यामुळे मॅट आणि जाळी घेण्याचा विचार अगदी रास्त आहे. मात्र सेटमधली जी वस्तू सर्वांत महाग आणि दिसायला भारी, म्हणजे जाळी, तिच्यापेक्षा हिटिंग मॅटकडे दुप्पट लक्ष द्यायला हवं. खेळ बिघडतो तो मॅटवर, आणि कोपरही तिथेच दुखावतं.

सेटसोबत येणारी मॅट पातळ असते. वर तीन प्रकारचं गवत, आखूड, मध्यम आणि लांब, आणि खाली रबर. ही मॅट कोब्यावर किंवा फरशीवर थेट ठेवून आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) मारली तर दोन गोष्टी होतात. पहिली, क्लब चेंडूच्या इंचभर मागे आदळला तरी त्याचा तळ गवतावरून घसरत पुढे जातो आणि चेंडू झकास उडतो. खऱ्या मातीत तोच फटका अर्ध्यावर पडला असता. चार महिने असा सराव केला की मागे आदळण्याची सवय पक्की होते आणि मार्चमध्ये कोर्सवर गेल्यावर सगळे फटके ‘फॅट’, म्हणजे चेंडूआधी मातीत, लागतात. दुसरी, कडक पृष्ठभागाचा धक्का सरळ मनगटात आणि कोपराच्या आतल्या बाजूला जातो. गोल्फर्स एल्बो म्हणतात ते दुखणं तिथलंच. थंडीत स्नायू आखडलेले असताना हा धक्का जास्त बाधतो.

आणखी एक दोष उत्पादकांच्या चित्रांतच दिसतो, पण लक्षात येत नाही. मॅट इंचभर जाड, चेंडू तिच्यावर, आणि पाय मात्र खाली जमिनीवर. म्हणजे प्रत्येक चेंडू पायांपेक्षा उंच. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू अशा वेळी डावीकडे वळू पाहतो. खेळाडू नकळत तो सावरायला शिकतो आणि सपाट जमिनीवर ती सावरणी उलटी पडते.

तिन्ही दोषांवर एकच उपाय आहे आणि तो फुकटात होतो. सांदवाडीत किंवा खळ्याच्या कडेला २ फूट बाय ३ फुटांचा, ४ इंच खोल खड्डा घ्या. तळ चोपून घट्ट करा. त्यावर ३ इंच चाळलेली रेती भरा, पाणी मारून दाबा आणि वर मॅट ठेवा. मॅटचा पृष्ठभाग आता पायाखालच्या जमिनीच्या पातळीत आला पाहिजे. कमी-जास्त वाटलं तर रेती काढा किंवा घाला. क्लबच्या ओढीने मॅट पुढे सरकते, म्हणून पुढच्या बाजूला लाकडी पट्टी रोवा. पट्टीची वरची कड मॅटपेक्षा अर्धा इंच खालीच हवी, नाहीतर क्लब तिच्यावर आपटेल. खिळे कुठेही नकोत. रेती आठवड्याने दबते, तेव्हा मॅट उचलून पंज्याने भुसभुशीत करायची. रेतीचा थर धक्का गिळतो, आणि मागे आदळलेल्या क्लबला मॅट थोडी खाली दबून अडवते, म्हणजे चूक हाताला कळते.

एवढं करूनही मॅट पूर्ण खरं सांगत नाही. म्हणून दर चार दिवसांतून एकदा मॅट बाजूला ठेवून, बिनचेंडूचा सराव मोकळ्या भुसभुशीत मातीत करावा. मातीवर रांगोळीची आडवी रेघ ओढा, चेंडू त्या रेघेवर आहे असं समजून स्विंग करा. क्लबची खूण रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू झाली तर फटका बरोबर. मागे सुरू झाली तर वजन मागच्या पायावरच राहिलं आहे. रांगोळी ही दगडाची भुकटी असते, क्लबवर चरे पाडते, तेव्हा या कामाला जुनी आयर्नच वापरा.

आता जाळी. तिचे फायबरग्लासचे दांडे एकमेकांत बसवून जाळीच्या शिवलेल्या खोबणीत सरकवायचे असतात. जोडणीला दहा मिनिटं लागतात. ती चुकते कुठे, तर दांडा नीट आत बसलेला नसताना वाकवला जातो आणि धातूच्या टोपीपाशी उभा चिरतो. चिरलेल्या फायबरचे तंतू हातात शिरतात, म्हणून दांडे हातमोजे घालूनच वाकवा.

सोबत आलेल्या तारेच्या खुंट्या आपल्या काळ्या मातीत कुचकामी आहेत. डिसेंबरपर्यंत जमीन भेगाळते, आणि भेगेत गेलेली खुंटी तिसऱ्या फटक्याला वर येते. ८ मिलिमीटरच्या सळईचे दीड फुटांचे तुकडे वरून वाकवून घ्या आणि जाळीपासून बाहेरच्या दिशेला तिरपे ठोका. मुरमाचं अंगण असेल तर आधी पहारीने भोक करा. कोबा असेल तर पायाच्या दांड्यांवर खताच्या रिकाम्या चुंगडीत २५-३० किलो माती भरून दोन्ही बाजूंना एकेक ठेवा.

जाळी ताणून बांधणं ही सर्वांत धोक्याची चूक. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो, पण ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबने, तो ताशी २०० किलोमीटरच्या आसपास सुटतो. ताठ जाळी त्याला तसाच परत फेकते. मधोमध फूटभर झोळ राहील अशी सैल ठेवा. तिच्या मागे एक फुटावर दोरीला जुनी गोधडी किंवा बारदान्याचे दोन थर लटकवा, खालची कड मोकळी. भिंत त्याच्याही मागे निदान चार फुटांवर हवी. जाळी फाटली तर चेंडू गोधडीत मरतो. रोज सुरू करण्याआधी जाळीच्या मधल्या भागावरून हात फिरवा. वेजच्या (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबच्या) फटक्यांनी खरवडलेले चेंडू धागे कापतात, ते वापरातून काढून टाका.

अंतराचा हिशेब समजून घ्या. १० फुटांवरून १० फूट रुंदीची जाळी म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम २६-२७ अंशांचं आवरण. उजव्या हाताच्या खेळाडूचा शँक, म्हणजे क्लबच्या मानेला लागून भरकटलेला चेंडू, यापेक्षा जास्त उजवीकडे जाऊ शकतो. तिकडे कोठा, पाण्याची टाकी किंवा येण्याजाण्याची वाट असता कामा नये. शक्य नसेल तर उजव्या बाजूला वेगळा पडदा लावाच. उंचीचंही तसंच: १० फुटांवरून ७ फूट म्हणजे ३५ अंश, ८ फुटांवरून ४१. वेज मारताना ८ फुटांवर या, ड्रायव्हरला १० फुटांवर जा. टिनाच्या शेडखाली मारणार असाल तर पत्रा निदान १० फूट उंच हवा, आणि आधी हळू स्विंग करून क्लब कुठे लागत नाही ना ते पाहा.

पैसे वाचवायला काही जण वेगळी जाळी लावतात. पाखरांची जाळी चेंडू अडवत नाही, शेडनेट थोड्याच फटक्यांत फाटते. क्रिकेटच्या जाळीची भोकं त्या मोठ्या चेंडूसाठी असतात. गोल्फचा चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, तो आरपार जाऊ शकतो. इथे काटकसर करू नये.

जाळीत चेंडू आठ-दहा फुटांवरच थांबतो, म्हणून तो पुढे कुठे गेला असता ते कळत नाही. क्लबच्या फेसवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, अंगाला लावायची पावडर भुरभुरा. चेंडू कुठे लागला त्याचा गोल ठसा उठतो. टाचेकडे, टोकाकडे की मधोमध, एवढं दहा फटक्यांत स्पष्ट होतं. चेंडूपासून तीन फूट पुढे, जमिनीवर दोन काड्या वीतभर अंतरावर रोवून त्यांच्या मधून चेंडू काढला की सुरुवातीची दिशाही तपासता येते.

पटिंग मॅट ही सेटमधली सर्वांत उपयोगी वस्तू. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटंही पुरतात. पण ती आल्या आल्या अंथरून चालत नाही. घडीच्या वळ्या पडलेल्या असतात. दुपारच्या उन्हात उलटी पसरून तास-दोन तास ठेवा, मग घडीच्या उलट दिशेने गुंडाळा. मग पाणसळ घ्या. गावाकडच्या घरांत जमिनीला मोरीकडे उतार असतोच. फूटभर रुंदीत ३ मिलिमीटरचा आडवा उतार म्हणजे १ टक्का, आणि ९ फुटांत तेवढ्याने चेंडू भोकाच्या कडेबाहेर जातो. खालच्या बाजूला पुठ्ठ्याचे थर देऊन पातळी साधा. सारवलेली जमीन यासाठी योग्य नाही, आणि शहाबादी फरशीचे सांधे मॅटमधून जाणवतात, म्हणून मॅट एका फरशीच्या रांगेतच बसवा.

बहुतेक मॅटना टोकाला चढ आणि चेंडू परत येण्याची नाळी असते. ती सोय वाटते, पण चढ चढवायला चेंडू जोरात मारावा लागतो, आणि तोच जोर खऱ्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) चेंडूला भोकापुढे तीन-चार फूट नेतो. चढाच्या अलीकडे फूटभरावर मॅटवर एक नाणं ठेवा आणि चेंडू त्यावर किंवा त्याच्या वीतभर पुढे थांबेल असा मारा. खऱ्या भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. नाण्यावर सराव झाला की ते मोठं दिसू लागतं.

मॅट किती वेगवान आहे हे मोजताही येतं. ग्रीनचा वेग मोजायचं स्टिम्पमीटर हे ३६ इंचांचं ॲल्युमिनियमचं खोबणीदार दांडकं असतं. चेंडू त्याच्या खालच्या टोकापासून ३० इंचांवरच्या खाचेत ठेवून दांडकं हळू उचलतात. साधारण २० अंशांना चेंडू सुटतो, आणि तो जितके फूट धावतो तो वेग. खिडक्यांचं काम करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या कोनपट्टीचा तुकडा घेतला तर अंदाजापुरतं काम होतं. ९ फुटांच्या मॅटवर चेंडू संपूर्ण धावायला जागा नसते, म्हणून १५ इंचांवरून सोडा आणि आलेलं अंतर दुप्पट धरा. दोन्ही दिशांनी मोजा. मॅटच्या लवेची दिशा असते, तिच्या बाजूने चेंडू जास्त पळतो. आकड्यांत फरक पडला तर सराव एकाच दिशेने करा.

थंडीचा परिणाम वेगळा धरावा लागतो. ५ अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १० टक्क्यांनी दाट असते, आणि गारठलेल्या चेंडूची उसळी कमी होते, म्हणून चेंडू कमी जातो. सकाळी कोर्सवर गेलात तर एक क्लब मोठा घ्या, जोर वाढवू नका. खेळण्यासाठी चेंडू मुद्दाम गरम करणं नियमाविरुद्ध आहे. रात्रभर बाहेर गाडीत न ठेवता घरात ठेवा, तेवढं पुरे.

धुवारीच्या दिवशी नऊपर्यंत जाळी-मॅट दवाने भिजलेली असते. ओल्या मॅटवर क्लब आणखी घसरतो आणि चूक आणखी लपते. अकरा ते चार हीच वेळ धरा. सुरुवातीला दहा मिनिटं खांदे, कंबर आणि मनगटं मोकळी करा, मग वेजचे अर्धे स्विंग. जाड शालीपेक्षा पातळ कपड्यांचे दोन थर बरे, हात मोकळे राहतात. ग्रिप (क्लबच्या मुठी) कडक वाटल्या तर कोमट साबणपाण्याने धुऊन पुसा. एका वेळी मॅटवर ४० चेंडूंपेक्षा जास्त नको.

चिपिंगसाठी, म्हणजे जवळच्या छोट्या उचल-फटक्यांसाठी, सेटमधली छोटी टोपली ठीक, पण घमेलं जास्त चांगलं: ५, १० आणि १५ पावलांवर तीन घमेली ठेवा आणि चेंडू कुठे टेकतो एवढंच पाहा. इथे भोकं असलेले प्लास्टिकचे चेंडू वापरत असाल तर सुरू करताना आणि संपवताना मोजा. राहिलेला चेंडू गुरांनी चघळला तर जिवावर बेतू शकतं.

पार्सल आल्यावर पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत हे तपासा: सगळे दांडे एकमेकांत पूर्ण बसतात का, जाळी ताणल्यावर तिच्या भोकातून चेंडू निघतो का, खोबणीची शिलाई दुहेरी आहे का, आणि मॅटचं गवत नखाने ओढल्यावर रबरापासून सुटतं का. गवत सुटत असेल तर सेट लगेच परत करा. जाळी रोज उतरवून घरात ठेवायची. उन्हात कायम टांगलेली नायलॉनची जाळी दिसायला धड असते, पण धागा ठिसूळ होतो, आणि ते कळतं ते चेंडू आरपार गेल्यावरच.