निर्बंधित देशाला निर्यात: इराणचे रुपया खाते आणि रशियाचे

डॉलरचा मार्ग निर्बंधांनी बंद झाला की खरेदीदार रुपयांत पैसे देऊ करतो. इराण आणि रशिया या दोन्ही देशांच्या बाबतीत हे घडले आहे, परंतु दोन्हींकडून आलेल्या ऑर्डरींना लहान निर्यातदाराने एकाच मापाने मोजू नये.

इराणची व्यवस्था जुनी आहे. २०१२ पासून भारतीय तेलकंपन्या कच्च्या तेलाच्या किमतीचा काही भाग यूको बँकेत रुपयांत भरत आणि त्याच शिल्लकेतून बासमती, चहा व सोयापेंड पाठवणाऱ्यांची बिले भागत. मे २०१९ मध्ये इराणी तेल घेण्यासाठी अमेरिकेने दिलेली सवलत संपली, भारताने तेल घेणे थांबवले, आणि खात्यात भर पडेनाशी झाल्यावर बिले रखडू लागली. अन्न व औषधे निर्बंधांतून वगळलेली आहेत, हे खरे. तरीही दंडाच्या धास्तीने बँका हात आखडता घेतात. मोठ्या निर्यातदाराला थांबणे परवडते, पण कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेची खेळत्या भांडवलाची उचल, काढून माल भरणाऱ्या लहान गिरणीला व्याजच खाऊन टाकते.

रशियात अडचण नेमकी उलट निघाली. रिझर्व्ह बँकेच्या ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रशियन बँकांना इथे व्होस्ट्रो खाती, म्हणजे भारतीय बँकांतली स्वतःची रुपया खाती, उघडता आली आणि तेलखरेदी एवढी वाढली, की मे २०२३ मध्ये परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी गोव्यातच अब्जावधी रुपये वापराविना पडून असल्याचे सांगितले. म्हणजे इथे तपासायची ती खात्यातली शिल्लक नव्हे, तर खरेदीदाराची बँक आणि आपला माल. डिसेंबर २०२३ च्या अमेरिकी आदेशाने रशियाच्या युद्धसामग्रीशी संबंधित व्यवहार हाताळणाऱ्या परदेशी बँकांवरही कारवाईची तलवार टांगली गेली. नाशिकच्या द्राक्षांना त्याची झळ कमी. पण पुणे-कोल्हापूर पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या कारखानदाराने, विशेषतः बेअरिंगसारखा माल असेल तर, रुपये मिळतात म्हणून हुरळून जाऊ नये, कारण रशियाच्या युद्धसामग्रीत वापरला जाऊ नये म्हणून ज्या मालावर अमेरिका-युरोपची खास नजर असते, त्या अतिदक्षतेच्या यादीत बेअरिंग आहेत.

दुबईच्या मध्यस्थामार्फत दिरहममध्ये पैसे लवकर मिळतात, मात्र भाव कमी मिळतो. शिवाय माल घेणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असेल, तर ते कागदोपत्री आधीच स्पष्ट हवे. खरा ग्राहक सांगायला मध्यस्थ तयार नसेल, तर तो सौदा सोडावा.

माझ्या मते शेतमालासाठी आधी रशियाचा विचार करावा. इराणची ऑर्डर घ्यायचीच असेल तर आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्यावरच कंटेनर भरावा, आणि ‘बँकेची मंजुरी येईलच’ एवढ्या तोंडी भरवशावर माल न्हावाशेवा बंदरात पाठवू नये.