बुरशीवरचं निसर्गोपचार किट: मिरगापासून दिवाळीपर्यंत वापरून

किटात नेतीचा लोटा, चारकोलच्या गोळ्या, कडुलिंबाचा धूप आणि निलगिरीचा डिफ्यूझर येतो, ते जाहिरातीत सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून थेट लोट्यावर येतो. जलनेतीचा लोटा तांब्याचा का? नेती म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. मीठ लागलं की तांब्यावर हिरवं चढतंच, देवाची भांडी चिंचेने घासणाऱ्या कुठल्याही घरात हे ठाऊक असतं. श्रावण लागायच्या आधीच चोचीत हिरवा थर धरला. चोच इतकी अरुंद की ब्रश जात नाही. कस्टमर केअरला फोटो पाठवला, उत्तर आलं, "सर, ते नैसर्गिक आहे." नैसर्गिक तर माझ्या माजघरातली बुरशीही आहे!

मालवणजवळ आमचं चिऱ्याचं घर. पश्चिमेची भिंत पावसाळाभर पाणी पिते, त्यात वरून प्लास्टिक पेंट मारलेला, म्हणजे आतली ओल आतच. हिचा खोकला आषाढात सुरू होतो तो नवरात्रापर्यंत. कुडाळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगून इन्हेलर दिलाय, तो चालूच आहे. जोडीला म्हणून हे ४,२०० रुपये.

चारकोलच्या गोळ्या म्हणे बुरशीचं विष शोषतात. पण कोळसा पोटातली औषधंही शोषतो. हिची थायरॉइडची गोळी सकाळची, आणि किटाच्या तक्त्यात कोळसाही सकाळीच, उपाशीपोटी! डॉक्टरांनी ऐकताक्षणी बंद करायला लावल्या. डब्यावर याबद्दल एक ओळ नाही. कडुलिंबाच्या धुपाने खोकला उलट वाढला. औषधी असला तरी धूर तो धूरच. आणि निलगिरीचा डिफ्यूझर? तो पाण्याचे तुषार सोडतो. स्वस्तातलं हायग्रोमीटर आणलं तर बंद खोलीत आर्द्रता आधीच ८८ टक्के. बुरशी रोखायची तर ती ६० च्या खाली हवी, आणि हे यंत्र वर आणखी पाणी उडवतंय.

तेव्हा लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. पण नेतीबद्दल मत बदललं. बाजारातून साधा स्टीलचा लोटा आणला आणि हिचं रात्रीचं चोंदलेलं नाक मोकळं व्हायला लागलं. डॉक्टरही म्हणाले, नाकाच्या ॲलर्जीत मिठाच्या पाण्याने धुणं चांगलंच. फक्त पाणी उकळून गार केलेलं हवं, विहिरीचं तसंच नको. नाकातून मेंदूत जाणारा अमीबा क्वचितच असतो, पण केरळात २०२४ मध्ये त्याचे रुग्ण निघालेत. अर्धा लिटरला साडेचार ग्रॅम मीठ. म्हणजे किटातला उपयोगी भाग मिठाच्या किमतीचा.

आई जूनपासून म्हणत होती, "आदी भिंतीक चुनो मार, मगे नाक धू." भर पावसात चुना सुकणार कसा? ऑक्टोबरच्या उन्हात पेंट खरवडून मारला, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. कुबट वास गेला. खोकलाही थांबलाय, पण तो दरवर्षी थांबतोच. त्याचं श्रेय किटाला नाही, आणि चुन्यालाही पुढचा पावसाळा बघून देईन.

परवा कंपनीचा फोन आला. दुसऱ्या टप्प्याचं 'डीप डिटॉक्स' किट, ६,८०० रुपये. तेवढ्याच पैशांत पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याची पाखी किती लांब येईल, ते फॅब्रिकेशनवाल्याला विचारून ठेवलंय.