प्लगइन गेलं, कुलूप राहिलं

व्याख्यानांच्या व्हिडिओंना सबटायटल लावणं हे माझं काम. एकेक वाक्य दहादा ऐकावं लागतं, त्यामुळे प्लेअर अडखळला की आधी माझं डोकं तापतं. प्लगइनच्या जमान्यात, म्हणजे व्हिडिओसाठी ब्राउझरला फ्लॅशसारखा वेगळा प्रोग्राम जोडावा लागायचा तेव्हा, आधी लॅपटॉप तापायचा. पंखा भणभणायला लागला की समजायचं, आता व्हिडिओच्या जागी राखाडी चौकोन येणार. पान पुन्हा उघडा, जागा पुन्हा शोधा. तेव्हा फ्लॅशला जीनॅश नावाचा मुक्त (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असा) पर्याय होता, पण फ्लॅशची पुढची प्रोग्रामिंग भाषा, ॲक्शनस्क्रिप्ट ३, त्याला फारशी झेपली नाही.

पुढे ब्राउझर स्वतःच व्हिडिओ दाखवू लागले. यूट्यूबने जानेवारी २०१५मध्ये प्लगइनशिवाय चालणारा एचटीएमएल५ प्लेअर मुख्य केला, ३१ डिसेंबर २०२०ला फ्लॅशचा आधार संपला, ऑक्टोबर २०२१मध्ये सिल्व्हरलाइट या मायक्रोसॉफ्टच्या तशाच प्लगइनचाही. मला दोघांचीही आठवण येत नाही.

सध्या माझा सगळा संसार एमपीव्ही या मुक्त व्हिडिओ प्लेअरवर आहे. उघडलं की काळी खिडकी, मेनूबिनू काही नाही. पहिल्या दिवशी वाटलं, इन्स्टॉल करतानाच काहीतरी राहिलं! पण बोटांना सवय झाली की माउसला हात लावावासा वाटत नाही. चौकटी कंस दाबला की वेग दहा टक्क्यांनी कमी-जास्त होतो, आणि वक्त्याचा आवाज घोगरा किंवा चिरका होत नाही. पूर्णविरामाची कळ एक फ्रेम पुढे नेते, स्वल्पविरामाची एक मागे. ‘एल’ एकदा वाक्याच्या सुरुवातीला, एकदा शेवटी दाबायचं. तेवढा तुकडा फिरत राहतो. या एका कळीसाठी मी बाकी सगळं माफ करते. कंट्रोल-एच दाबलं की व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स चिपकडे जातं (चिपला तो फॉरमॅट येत असेल तर), आणि माझा जुना लॅपटॉप गप्प बसतो.

ऑनलाइन लिंक दिली तर एमपीव्ही ती वायटी-डीएलपीकडे, म्हणजे साइटवरून व्हिडिओ काढून आणणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवतो. इथे कटकट आहे. साइटने आतून काही बदललं की कालपर्यंत चालणारी लिंक आज चालत नाही. वायटी-डीएलपी अपडेट करावं लागतं. ज्यांना टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) बघूनच धडकी भरते त्यांनी व्हीएलसी घ्यावा, तोही मुक्त आहे आणि त्याला माणसांसारखे मेनू आहेत.

डीआरएमचे, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून कुलूप घातलेले, व्हिडिओ मात्र एमपीव्हीत चालत नाहीत. त्यासाठी माझ्या ब्राउझरमध्ये ते कुलूप उघडणारं गूगलचं वाइडवाइन लागतं, म्हणजे पुन्हा एक बंद डबा, फक्त प्लगइन हे नाव गेलं. त्यात एल१ आणि एल३ अशा पायऱ्या आहेत. एल१मध्ये सगळं उलगडणं यंत्राच्या सुरक्षित भागात होतं, एल३मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरवर. आणि माझ्यासारख्या लिनक्सवाल्यांच्या ब्राउझरला साधारणपणे एल३च मिळतं, आणि एल३ला बऱ्याच सेवा कमी स्पष्ट चित्र देतात. एका सेवेचं मी पूर्ण वर्गणी भरून सदस्यत्व घेतलं, तरी लॅपटॉपवर फळ्यावरची समीकरणं पुसट. तेच व्याख्यान फोनवर स्वच्छ! आता तिथलं काम आलं की मी सरळ मूळ फाइल मागते.