पत्र्यावरचा पहिला हात : जुन्या फियाटसाठी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर

जुन्या गाडीचे पत्राकाम घरी करायला घेणारे बहुतेक जण शेवटच्या रंगाचा विचार सर्वांत आधी करतात. छटा कोणती, चकाकी किती, बफिंग कुठे करून घ्यायचे, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते आणि घासून उघड्या पडलेल्या पत्र्यावर पहिला हात कशाचा द्यायचा, हा प्रश्न मात्र रंगाच्या दुकानातल्या माणसावर सोडून दिला जातो. प्रीमियर पद्मिनीच्या पत्राकामात दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर वापरून झाल्यावर माझे मत असे आहे की घरच्या कामात पैसा आणि काळजी यांचा पहिला मान या डब्याला द्यावा, आणि त्यासाठी गरज पडली तर वरच्या रंगात काटकसर करावी.

हा प्रायमर दोन डब्यांत येतो. एकात इपॉक्सी रेझिन आणि रंगद्रव्य असते, दुसऱ्यात हार्डनर असतो, आणि दोन्ही एकत्र केल्यावर रासायनिक क्रियेने थर घट्ट होतो. साध्या प्रायमरसारखा तो केवळ थिनर उडून गेल्याने वाळत नाही. नाशिकमध्ये राहणाऱ्याला याबाबत एक सोय आहे. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या फॅब्रिकेशनच्या कामांना हा माल नेहमी लागतो, त्यामुळे त्या कारखान्यांना रंग पुरवणाऱ्या दुकानांत तो सहज मिळतो. मी कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मोठ्या रंगकंपन्यांपैकी बहुतेकांकडे असा प्रायमर आहे आणि एकाच कंपनीतही कारखान्याच्या गर्डरसाठीचा भरड, जाड प्रकार आणि मोटारीच्या पत्र्यासाठीचा बारीक दळलेला प्रकार वेगवेगळे असतात. घेताना मोटारीसाठीचा प्रकार मागावा, डब्यासोबतचे तांत्रिक माहितीपत्रक मागून घ्यावे, आणि हार्डनर त्याच कंपनीचा, त्याच प्रायमरसाठीचा आणि सीलबंद असेल तरच पैसे द्यावेत. एका दुकानात मला हार्डनर लेबल नसलेल्या बाटलीत सुटा देऊ केला होता. तसा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

१९६४ साली आलेली फियाट ११०० डी, पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी, या सगळ्या गाड्या कुर्ल्याच्या कारखान्यात थोड्याफार फरकाने एकाच सांगाड्यावर बनल्या. त्यांना वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ सिल, खांब आणि छत मिळूनच गाडी उभी राहते. म्हणून या गाडीत गंज ही केवळ दिसण्याची तक्रार नसते. रबरी मॅटखाली साचलेले पाणी, दाराच्या खालच्या कडेची बुजलेली भोके, हेडलाइटच्या मागे मडगार्डमध्ये अडकून राहिलेला चिखल आणि डिकीचा तळ, ही तिची ठरलेली दुखणी आहेत, आणि अनेक वर्षे मुंबईच्या खाऱ्या हवेत राहून कसारा घाट चढून आलेली गाडी असेल तर सिल हातोडीने वाजवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. सडलेला भाग कापून साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटर जाडीचा, सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा वेल्ड करणे हे निराळे आणि मोठे काम आहे. त्याविषयी इथे इतकेच सांगतो की दोन्ही बाजूंच्या सिल एकाच वेळी कापू नयेत, आणि दारे बसवून फटी तपासल्याशिवाय शेवटचे वेल्डिंग करू नये. या लेखाचा विषय त्यानंतर सुरू होतो.

आपल्याकडच्या गॅरेजची रूढ पद्धत अशी की ठोकून सरळ केलेल्या उघड्या पत्र्यावर थेट पॉलिएस्टर पुट्टी चढवायची, ती पाणी लावून वॉटर पेपरने घासायची, वर रेड ऑक्साइड किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमर मारायचा आणि रंग द्यायचा. काम झटपट होते आणि गाडी घरी येते तेव्हा सुंदर दिसते. पण पॉलिएस्टर पुट्टीत मोठा भाग टाल्कचा असतो आणि ती खडूसारखे पाणी शोषते. ओली घासलेली पुट्टी वरून कोरडी भासली तरी आत ओलावा धरून ठेवते, तो ओलावा खालच्या उघड्या पत्र्याला लागून राहतो, आणि काही पावसाळ्यांनी त्याच जागी रंगाला फोड येतात. फोड फोडून पाहिला की पुट्टी अखंड सुटून येते आणि तिच्या पाठीला गंजाचा तांबडा थर चिकटलेला दिसतो. साध्या रेड ऑक्साइडची अडचण दुसरी आहे. तो अल्किड तेलरंगाच्या जातीचा असल्याने वरून मारलेल्या पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एनसी रंगाच्या तीव्र थिनरने मऊ होऊन सुरकुततो. खिडकीच्या गजांसाठी तो ठीक आहे. मोटारीच्या पत्र्यासाठी मी तो सुचवणार नाही.

इपॉक्सी प्रायमर या दोन्ही अडचणी एकदम दूर करतो. नीट घासलेल्या पत्र्याला तो इतका घट्ट धरतो की वाया गेलेल्या तुकड्यावर मारून पूर्ण वाळल्यावर तो तुकडा शिकंज्यात धरून वाकवला तरी थर सुटून आला नाही. पाणी आणि हवा यांना तो साध्या प्रायमरपेक्षा पुष्कळ कमी वाट देतो. आणि पूर्ण घट्ट झाल्यावर वरचा थिनर त्याला विरघळवू शकत नाही. पुट्टी त्याच्या वर द्यायची, खाली नाही. म्हणजे पत्रा, त्यावर इपॉक्सी, तो कोरडाच हलका खरवडून पुट्टी, पुट्टी कोरडीच घासून पुन्हा इपॉक्सी, हा क्रम. पुट्टीत कधी ओलावा शिरलाच, तर तो पत्र्यापर्यंत पोचायला मध्ये एक बंद थर असतो. जुन्या पद्धतीच्या रंगाऱ्यांना हा क्रम उलटा वाटतो आणि त्यांच्याशी थोडा वाद होतो, पण या वादात माघार घेऊ नये.

तयारीच्या बाबतीत मात्र हा प्रायमर सवलत देत नाही. गुळगुळीत पत्र्यावर तो धरत नाही. ८० नंबरच्या कागदाने घासून वर १२० किंवा १८० चा हात फिरवला की लागणारा खरबरीतपणा मिळतो. बॉनेट आणि छत यांसारखे मोठे सपाट भाग सँडब्लास्टिंगला देऊ नयेत, कारण पातळ पत्रा त्या माऱ्याने लाटांसारखा होतो आणि पुन्हा सरळ होत नाही. बिजागऱ्या, कंस, पेडलचे भाग मात्र खुशाल द्यावेत. घासून झाल्यावर तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने एका फडक्याने पुसायचे आणि द्रव उडून जाण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलून घ्यायचे. रॉकेलने पुसू नये. त्याचा तेलकट अंश मागे राहतो. डॅशबोर्डला लावायची सिलिकॉनची पॉलिश शेडमध्येसुद्धा आणू नये, कारण तिचा अंश पत्र्यावर बसला की प्रायमर त्या जागी गोल गोल सरकून डोळे पडतात.

गंज बदलणाऱ्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रवाबद्दल इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण घरी काम करणारे जवळजवळ सगळेच तो आणतात. खड्ड्याखड्ड्यांत रुतलेल्या गंजावर तो चांगले काम करतो आणि गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर करतो. परंतु इपॉक्सीचा हार्डनर अमाइन जातीचा, म्हणजे आम्लारीधर्मी असतो, आणि पत्र्यावर उरलेले आम्ल नेमके जोडाच्या जागीच त्याला निकामी करते. वरून थर कडक दिसतो आणि खाली तो पत्र्याला चिकटलेलाच नसतो. म्हणून द्रव वापरलाच तर तो पत्र्यावर वाळू न देता माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे भरपूर पाण्याने धुवावा, पत्रा लगेच गरम हवेने कोरडा करावा आणि पुन्हा कागदाने घासून स्वच्छ करावा. आम्लाने पत्रा किंचित खाऊन धरणाऱ्या एच (etch) प्रायमरवरही थेट इपॉक्सी देऊ नये. जिथे यंत्राने आणि तारेच्या ब्रशने गंज पूर्ण निघतो, तिथे मी हा द्रव टाळण्याच्या बाजूचा आहे.

मिश्रणाचे प्रमाण डब्यागणिक बदलते. मी घेतलेल्या मालाला चार भागांना एक भाग हार्डनर लागतो. काहींना दोनास एक किंवा समसमान लागतो. हे प्रमाण आकारमानाचे असते, अंदाजाचे नाही, आणि लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला तर थर ठिसूळ किंवा चिकट होतो. मिसळल्यावर माहितीपत्रकात सांगितली असेल तितकी मिनिटे, बहुधा पंधरा ते तीस, मिश्रण तसेच ठेवावे लागते. घाईत असलेला माणूस हीच पायरी गाळतो. मारायला १.४ ते १.७ मिलिमीटर नोझलची फवाऱ्याची गन पुरते. दोन हात दिले की पुरे, आणि दोहोंमध्ये पहिल्याची ओली चकाकी जाईपर्यंत थांबावे.

आता नाशिकच्या हवेविषयी, कारण या प्रायमरचे यश निम्मे तिच्यावर आहे. नियम असा आहे की पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सिअस जास्त असावे आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली असावी. जुलै-ऑगस्टच्या आपल्याकडच्या सकाळी ही अट सहसा पुरी होत नाही. घासलेल्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस झाक येते, आणि दमट हवेत हार्डनर पृष्ठभागावर येऊन मेणचट थर धरतो, ज्यावर पुढचा हात चिकटत नाही. थंडीचाही त्रास आहे. तापमान १० अंशांखाली गेले की इपॉक्सीची क्रिया जवळजवळ थांबते, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र त्याखाली जाते. निफाडकडच्या शेडमध्ये काम करणाऱ्याने तर हे आणखी ध्यानात घ्यावे. एप्रिल-मेच्या दुपारी उलट मिश्रण गनमध्येच घट्ट व्हायला लागते आणि फवारा पत्र्यावर पोचेपर्यंत कोरडा होतो. पाऊस सरल्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मग फेब्रुवारी-मार्च, सकाळचे ऊन शेडवर आल्यानंतरची वेळ, हा या कामाचा खरा हंगाम आहे. पावसाळ्यात ठोकठाक आणि वेल्डिंग करावे, पण जेवढा भाग त्या दिवशी प्रायमरखाली जाईल तेवढाच घासून उघडा करावा.

उणिवाही आहेत. ताजा थर घासायला घेतला तर तो कागदात गोळे धरतो, त्यामुळे पुरेसा वाळू द्यावा लागतो. थिनरने ओले केलेले फडके घासून रंग उतरला नाही, तर तो तयार झाला असे समजावे. पुढचा हात न घासता देण्याची एक ठरावीक मुदत असते आणि ती उलटली की संपूर्ण पृष्ठभाग ३२० नंबरने पुन्हा खरवडावा लागतो. उन्हात हा प्रायमर भुकटीसारखा होत जातो, म्हणून नुसत्या प्रायमरवरची गाडी अंगणात महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. सिलच्या पोकळीत गनने तो पोचत नाही. तिथे रंगकाम संपल्यावर लांब नळीने मेणासारखा कॅव्हिटी वॅक्स फवारणे हाच उपाय आहे. किंमत रेड ऑक्साइडच्या तुलनेत बरीच जास्त आहे, आणि मिसळलेला माल उद्यासाठी ठेवता येत नाही.

आरोग्याच्या बाजूने पाहता घरी मारायला हाच थर योग्य आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, त्यांची वाफ आणि तुषार फुप्फुसांत जाऊन दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्यांच्यापुढे भरवशाचा नसतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शेजाऱ्यांची खिडकी दहा फुटांवर असलेल्या इंदिरानगर किंवा सिडकोतल्या घरी पीयू फवारणे मला अयोग्य वाटते. इपॉक्सीच्या अमाइन हार्डनरमध्ये आयसोसायनेट नसतात, पण तो कातडीला लागत राहिला तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्क आणि दोन्ही बाजूंनी उघडी शेड, यांत तडजोड करू नये.

त्यामुळे वाटणी मी अशी सुचवीन की पत्रा, इपॉक्सी आणि पुट्टी घरी करावी आणि शेवटचा रंग फवारणीचा बंद बूथ असलेल्या ठिकाणी द्यावा. गाडी बूथवर सोडताना उरलेले दोन्ही डबे आणि माहितीपत्रक सोबत द्यावे, आणि रंगाऱ्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात: पुट्टीला पाणी लावू नये, इपॉक्सीवर एनसी पुट्टीचा हात देऊ नये, आणि घासताना कुठे कडेला पत्रा उघडा पडला तर रंगाआधी तेवढ्या जागी याच डब्यातला हात पुन्हा द्यावा.