जपानहून आलेल्या सीआर-व्हीची दुसरी किल्ली सांगलीतच झाली

माझ्याकडे २००८ सालची होंडा सीआर-व्ही आहे. या पिढीची सीआर-व्ही भारतात जोडली जात नव्हती, ती जपानमधून तयार होऊन येत असे. म्हणूनच तिचा चासी नंबर 'जे' या अक्षराने सुरू होतो, तर भारतात बनलेल्या गाड्यांचा 'एम'ने. मिरजेच्या एका डॉक्टरांकडून २०१४ मध्ये मी ती घेतली, तेव्हा सोबत दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, त्या धावपळीत एका किल्लीने गाडी मिरजेला मेव्हण्याच्या दारात नेऊन लावली म्हणून ती वाचली. दुसरी किल्ली मात्र घरातल्या कपाटाच्या खणात राहिली आणि पाणी ओसरल्यावर चिखलाबरोबर जे सामान बाहेर टाकावे लागले, त्यात तीही गेली.

त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे आम्ही एकाच किल्लीवर काढली. गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी विमा कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, हे मला ठाऊक होते. शिवाय उरलेल्या किल्लीच्या कवचाला तडा गेला होता आणि ती प्रत्येक वेळी खिशातून काढताना जीव धास्तावत असे. तरीही काम लांबले, कारण आधीचे दोन प्रयत्न वाया गेले होते. ते सांगितल्याशिवाय, शेवटी सांगलीतल्या ज्या दुकानात किल्ली झाली त्याचे महत्त्व कळणार नाही.

पहिल्यांदा, एका दुसऱ्या गावी कामानिमित्त गेलो असताना तिथल्या किल्लीवाल्याने तासाभरात हुबेहूब किल्ली करून दिली. दार उघडले, इग्निशनमध्ये किल्ली फिरली, स्टार्टरही फिरला, पण इंजिन लागेना आणि डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा हिरवा दिवा उघडझाप करत राहिला. किल्लीच्या डोक्यात चिप असते आणि तिची ओळख पटल्याशिवाय गाडी इंजिन सुरू होऊ देत नाही, ही गोष्ट ना त्याने विचारात घेतली होती ना मी. पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्यांदा मी इंटरनेटवरून 'जपानी सीआर-व्हीसाठी' म्हणून विकला जाणारा रिमोट मागवला. तो या गाडीशी जुळलाच नाही आणि का जुळला नाही, हे मला या दुकानात बसल्यावर समजले.

अधिकृत सेवा केंद्रातही मी चौकशी केली होती. त्यांनी आरसी, ओळखपत्र आणि चासी नंबर मागितला, किल्ली मागवावी लागेल म्हणून पाच-सहा आठवड्यांची मुदत सांगितली आणि एकूण खर्च १९ हजारांच्या आसपास येईल असे कळवले. त्यांची पद्धत योग्यच आहे आणि ज्याला खर्चाची अडचण नाही त्याने तिकडेच जावे. सतरा वर्षांच्या गाडीवर एका किल्लीसाठी एवढी रक्कम घालणे मला जड वाटले, इतकेच.

यंदा जूनमध्ये, पावसाळा अंगावर यायच्या आत, सांगलीतील शंभर फुटी रस्त्यावर गॅरेजांच्या रांगेत असलेल्या एका छोट्या दुकानात गेलो. दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे आणि भिंतीवर शेकडो कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या आहेत. चालवणारा तिशीतला तरुण आहे. माझा पहिला चांगला अनुभव म्हणजे त्याने किंमत सांगण्याआधी प्रश्न विचारले. गाडी कोणत्या सालची, चासी नंबर काय, चालू किल्ली सोबत आहे का, आणि आणखी किती किल्ल्या आहेत. "काका, असंल नसंल ती सगळी किल्ली घेऊन या. नव्यानं नोंद करताना जी समोर नसंल तिला गाडी विसरून जाईल," असे त्याने बजावले. आरसी आणि आधार पाहून त्याने वहीत नोंद केली व माझी सही घेतली. मालकी तपासल्याशिवाय गाडीची किल्ली करून देणाऱ्या माणसाकडे आपली गाडी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे या दोन मिनिटांनीच माझा अर्धा विश्वास बसला.

मग त्याने माझी किल्ली एका छोट्या यंत्राच्या कड्यात धरली आणि पडद्यावर 'आयडी ४६' अशी अक्षरे आली. ही चिपची जात. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवती असलेल्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते, ती आपली ओळख सांगते आणि गाडीचा संगणक ती ताडून पाहतो. रिमोटचा सेल संपला तरी किल्लीने गाडी सुरू होते, ती याचमुळे. त्यानंतर त्याने दुसरे यंत्र पुढे केले आणि मला रिमोटचे बटण दाबायला सांगितले. रिमोटच्या रेडिओ लहरींची वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये दाखवणारा आकडा आला ४३३.९२. माझा इंटरनेटवरचा रिमोट दाबला तर ३१५. जपानमध्ये वापरल्या जाणाऱ्या गाड्यांचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, पण तिथेच बनून भारतासाठी आलेल्या गाडीचा रिमोट इथल्या नियमांप्रमाणे ४३३ चा असतो. गाडी जपानची म्हणून रिमोटही जपानचाच हवा, हा माझा समज चुकीचा होता आणि तो समज मला २,८०० रुपयांना पडला.

किल्ली कापण्याचे काम मी शेजारी उभे राहून पाहिले. या गाडीच्या किल्लीला कडेला दाते नसतात, पात्याच्या सपाट अंगावर नागमोडी खाच असते आणि ती कानशीने घासून काढता येत नाही. सगळे तिला लेझर की म्हणतात, पण यंत्रात लेझर मुळीच नसतो, सुईसारखा बारीक कटर गरागरा फिरत धातू कोरतो. एका शिकंज्यात जुनी किल्ली, दुसऱ्यात कोरी. जुनीच्या खाचेतून एक टोचणी सरकते आणि तिच्या मागोमाग कटर नवीवर तीच वाट कोरतो. पितळी कीस तो मधूनमधून रंगाच्या ब्रशने झाडत होता. जुनी किल्ली सतरा वर्षांत झिजलेली असल्याने नवीतही ती झीज उतरेल, हे त्याने आधीच सांगितले होते, आणि नव्या गाडीसोबत येणारी नंबर कोरलेली धातूची छोटी पट्टी आहे का, असेही विचारले होते. ती असती तर मूळ मापाने किल्ली कापता आली असती. मला ती पट्टी पहिल्या मालकाकडून मिळालीच नव्हती. ज्यांच्याकडे अजून असेल त्यांनी ती किल्लीच्या जुडग्यात न ठेवता घरात जपून ठेवावी.

नवी किल्ली त्याने आधी ड्रायव्हरच्या दाराला लावून पाहिली, इग्निशनला नाही, कारण इग्निशनमध्ये अडकली तर काम वाढते. किल्ली आत गेली, पण फिरताना किंचित घासली. त्याने जोर न लावता ती काढली, यंत्रावर चढवून आणखी एक हात फिरवला आणि मग ती लोण्यासारखी फिरली.

प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे गाडीच्या संगणकात किल्लीची नोंद करण्याच्या, आधी त्याने बॅटरीचे व्होल्ट मोजले. मधेच बॅटरी बसली तर नोंद अर्धवट राहते, म्हणून १२.४ दाखवत असूनही त्याने चार्जर जोडला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये टॅब्लेट जोडून जुन्या सर्व नोंदी पुसल्या आणि समोर असलेल्या दोन्ही किल्ल्या नव्याने नोंदवल्या. हिरवा दिवा क्षणभर लागून विझला आणि इंजिन सुरू झाले. जुन्या चिपची नुसती नक्कल करून देण्याचा स्वस्त पर्यायही होता, पण नोंदणी करण्याचा त्याचा सल्ला मला पटला, कारण आता पुरात गेलेली ती किल्ली उद्या कोणाला सापडली तरी तिने फार तर दार उघडेल, इंजिन लागणार नाही. रिमोटसाठी तर यंत्रही लागले नाही. रिमोट दाबत इग्निशन ठरावीक क्रमाने चालू-बंद केल्यावर चारही दारांचे कुलूप एकदम खट्कन वाजले, आणि दोन्ही रिमोट लागोपाठ दाबून घेतले. इथेही जुना रिमोट पुन्हा नोंदवावाच लागतो, नाहीतर तो बाद होतो.

एकूण खर्च ७,५०० रुपये आला. त्यात रिमोटसह किल्ली, कापणे आणि प्रोग्रॅमिंग सगळे धरले आहे. सहा महिन्यांची हमी त्याने बिलावर लिहून दिली, मात्र बिल मागितल्यावर दिले, आपणहून नाही. आणखी दोन उणिवा आहेत. पहिली म्हणजे सकाळी अकराची वेळ देऊन तो एक वाजता आला आणि फोनही उचलला नाही. दुकानासमोर सावली नाही, गाडी उन्हातच उभी करावी लागते, त्यामुळे वयस्कर माणसाला हे दोन तास त्रासाचे जातात. दुसरी म्हणजे नव्या किल्लीची बटणे मूळ किल्लीइतकी घट्ट नाहीत, खिशात ती चुकून दाबली जातात, आणि एकदा बाजारात दारे उघडी राहिली तेव्हा हे माझ्या लक्षात आले. त्याला सांगितल्यावर त्याने कवच विनामूल्य बदलून दिले, पण फरक थोडाच पडला.

चार महिने झाले, दोन्ही किल्ल्या आळीपाळीने वापरून पाहिल्या, हिरवा दिवा एकदाही अडला नाही. अशाच गाडीसाठी कोणी जाणार असेल तर सगळ्या किल्ल्या, आरसी आणि तीन मोकळे तास सोबत न्यावेत, आणि चालू किल्ली एक तरी हातात असतानाच जावे, कारण एकही किल्ली नसलेल्या गाडीचे काम तो गाडीपाशी येऊन करतो आणि त्याचे त्याने मला १४ हजार सांगितले. नवी किल्ली आता मिरजेला मेव्हण्याच्या घरी, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली आहे.